रिपोर्टाच्या दिवशीचं भरीत

...नाही नाही, हसू नका! हसायला तुमचं काय जातंय? चाळीस माणसं, अहो चाळीस! ज्या दिवशी कॅन्सर आहे की नाही ते कळणार, त्याच दिवशी दुपारी हा माणूस शेतावर भरिताची पार्टी ठेवतो! कोणी ठेवतं का? तुम्ही ठेवाल? मला नुसता दात काढायचा असला तरी दोन दिवस आधीपासून घास उतरत नाही, आणि हा वांगी निवडत बसलाय, हिरवीगार, एकेक अर्ध्या किलोचं, वर मलाच विचारतो, "पितांबर, तिखट किती टाकू?" आता मला सांगा, माणसानं थोडं तरी घाबरावं की नाही?

हा म्हणजे शालिग्राम. माझा साडू. माझी कुंदा धाकटी, तिची मोठी बहीण लिलाअक्का, तिचा हा नवरा. एस.टी.त ड्रायव्हर, धुळे-जळगाव गाडीवर. तुम्ही कधी त्याच्या गाडीत बसलात का? नाही ना? मग नशीबवान आहात. एकदा मी बसलो होतो, ऐन मे महिन्यात. पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. वर झाड नाही, खाली सावली नाही, पन्नास माणसं शिव्या घालतायत, आणि हा दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, "चला, उतरा बठ्ठा! समोर रसवंती शे. गाडी चालू राहती ते रस पेवाले कोनी उतरतं का?" आणि तुम्हाला सांगतो, पन्नासच्या पन्नास माणसं उतरली! रस प्यायली! एक म्हातारी तर जाताना त्याच्या तोंडावरून हात फिरवून गेली, जसं काही गाडी बंद पाडून त्यानं उपकारच केले. माझं धुळ्याचं काम बुडालं ते बुडालंच. तेव्हाही वर मलाच म्हणतो कसा, "व्हई जाई नं भो, बठ्ठं बेस व्हई!"

हे त्याचं वाक्य. होऊन जाईल रे भाऊ, सगळं छान होईल. विहीर खणली, साठ हात खाली गेले, पाण्याचा टिपूस नाही. "बेस व्हई! उन्हाळामा बसाले थंडगार जागा व्हयनी." घरावरचे पत्रे वादळात उडाले. "बेस व्हई! आते चांदण्या दिसतीन." अहो, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आपण तोंड उघडावं तर हा तोंडात गुळाचा खडा घालतो.

तर मानेवर गाठ आली. इथे, कानाच्या खाली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. लिलाअक्का रोज म्हणायची दाखवा, हा रोज म्हणायचा, "बसू दे तिले, ती काय भाडं मागस का?" शेवटी मी त्याला धरून जळगावला नेला. डॉक्टरनं गाठ चाचपली, चेहरा गंभीर केला (डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला की मी आधी खुर्ची शोधतो, हे आपलं सांगून ठेवतो), गाठीतला तुकडा काढला आणि म्हणाला, "हा मुंबईला पाठवतो. पंधरा दिवसांत रिपोर्ट येईल. आत्ता काही बोलत नाही." काही बोलत नाही म्हणजे काय हो? बोलला असता तर बरं नव्हतं का? ते पंधरा दिवस मी झोपलो नाही. शाळेत हेडक्लार्क आहे मी, धरणगावला. हजेरीपटावर पोरांच्या नावापुढे 'हजर' लिहायचं तिथे मी एकदा 'गाठ' लिहिलं! आणि गाठवाला? गाठवाला धुळ्याला जातोय, जळगावला येतोय, हॉर्न वाजवतोय. माणसानं थोडं तरी घाबरावं की नाही?

पत्ता माझ्या शाळेचा दिला होता. शनिवारी पाकीट आलं. खाकी, जाड, वर मुंबईचा शिक्का. ते हातात घेतलं आणि पोचपावतीवर मी माझ्याऐवजी शालिग्रामची सही ठोकली... शिपाई म्हणाला, "साहेब, पाणी देऊ?" शालिग्रामनं बजावून ठेवलेलं होतं, "उघडू नको. रविवारी शेतवर लई ये. भरीत खासूत, मंग उघाडसूत. बठ्ठासना समोर." मी ओरडलो, "अरे, आणि वाईट निघालं तर?" तर काय म्हणावं त्यानं? "चांगला उना ते आनंदनं भरीत. वाईट उना ते मानसं जमेलच राहतीन, बोलावाले जावानी दगदग नही!"

ऐका! ऐकलंत? मी तिथेच बसलो. स्टँडच्या बाकावर.

घरी पाकीट ठेवायचं कुठे? कुंदाचा स्वभाव मला माहीत, ती चहाच्या वाफेवर धरून उघडणार. म्हणून मी काय शक्कल लढवली, रद्दीचा एक गठ्ठा पार्टीसाठी काढून ठेवला होता, हात पुसायला, चूल पेटवायला, त्या गठ्ठ्यात, मधोमध, पाकीट सरकवून दिलं. रद्दीत कोण बघतं? काय डोकं चालवलं! त्या रात्री पहिल्यांदा स्वतःवर खूश होऊन झोपलो. चुकलो होतो, पण ते पुढे.

रविवारी शेतावर गेलो. शालिग्रामच्या वाट्याचे दोन बिघे आहेत गावाबाहेर. माणसं आली होती, डेपोतली, गावातली, भाऊबंद. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी होत्या, केळीची पानं होती, वांग्यांना तेल चोपडून, टोचून तयार ठेवलेलं. फक्त जाळ पेटत नव्हता! कपाशीच्या काड्या रात्रीच्या दवानं ओल्या. शालिग्रामचा चुलतभाऊ वना नुसता फुंकतोय, धूर करतोय, डोळे पुसतोय. मला आधीच कसं तरी होत होतं. डोक्यात एकच, कधी एकदा भरीत होतंय, कधी जेवतायत, कधी उघडतोय! मी म्हटलं, सरक रे वना, तुला काही येत नाही. आणि गठ्ठा उचलला, अख्खा, चुलीत कोंबला, काडी ओढली. आणि काय सांगू, असा जाळ झाला, असा जाळ झाला! सगळे म्हणाले, वा पितांबरभाऊ! मीसुद्धा म्हटलं, वा!

वांगी भाजली. काळी झाली, गळाली, सालं निघाली. मग ती लाकडी बडगीत मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांच्याबरोबर ठेचली. वास दोन शेतं पलीकडे गेला असेल. पानं वाढली. पहिला घास घ्यायच्या आत शालिग्रामला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "नही, पहिले उघाडू. आन रे पितांबर, पाकीट."

मी खिसा बघितला. दुसरा बघितला. पिशवी झटकली. मग... मग मला आठवलं. सावकाश आठवलं, वरून खाली, घाम फुटल्यासारखं. आणि वना, तो धूर खाल्लेला वना, बोट चाटत काय म्हणतो, "ते खाकी पाकीट नं? ते ते पहिलेच पेटनं. कागद मस्त जाड व्हता."

चाळीस माणसं. चाळीस घास हवेत. लिलाअक्का माझ्याकडे बघतेय. कुंदा माझ्याकडे बघतेय, ती तर कशी, विचारू नका. मी उठलो, बांधावर जाऊन बसलो आणि रडलो. लपवून काय करू? हेडक्लार्क, बेचाळीस वर्षं वय, हमसून हमसून रडलो. माझ्या साडूचं आयुष्य वांग्याखाली जाळलं हो मी!

मागून हसण्याचा आवाज. शालिग्राम! पोट धरून हसतोय, मानेवरची पट्टी सैल होईपर्यंत हसतोय! येऊन माझ्याशेजारी बसला. मी म्हटलं, "अरे, हसतोस काय? माणसानं थोडं तरी घाबरावं की नाही?" तेव्हा तो हसायचा थांबला. हळू म्हणाला, "माले बी भ्याव वाटस, भो. बहू वाटस. पंधरा दिवस व्हयनात, गाडी चालाडता चालाडता मी गाठलेच हात लावस." मी विचारलं, "मग ही पार्टी?" तो म्हणाला, "रिपोर्ट वाईट उना, आनि घरमा आम्ही दोन्हीच. मंग लिलाले कोन धरी? मनं रडू आवरू का तिनं? चाळीस मानसं राहतीन ते कोनी तरी धरी नं."

इतकी वर्षं मला वाटायचं, ह्याला कळत नाही म्हणून हा हसतो. कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. फक्त ते आम्हाला दाखवायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलेलं. मला माझी लाज वाटली आणि त्याचं इतकं प्रेम आलं की मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून आणखी पाच मिनिटं रडलो. तेवढ्यात लिलाअक्का आली, हातात पान. म्हणाली, "ओ पितांबरभाऊ, तुमच्या हातचा जाळ फार चांगला लागला बरं भरिताला!" आणि हसायला लागली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा हसली हो ती! मग सगळेच हसले. मी तीन भाकरी खाल्ल्या. रडत रडत, पण खाल्ल्या.

सोमवारी आम्ही दोघं जळगावला. मी डॉक्टरच्या पुढ्यात हात जोडून उभा, "साहेब, अपराध झाला, रिपोर्ट जळाला!" डॉक्टर चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "अहो, एक प्रत माझ्याकडे येतेच. शुक्रवारपासून टेबलावर पडलीय!" शुक्रवारपासून!! म्हणजे मी शनिवार-रविवार कशासाठी मेलो? "कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले, "गाठ टीबीची आहे. नऊ महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, बरी होईल." नऊ महिने म्हटल्यावर माझं पुन्हा पाणी पाणी. आणि शालिग्राम? खुर्चीतून उडालाच! "नऊच? नऊ महिनामा ते लेकरू व्हस साहेब, ही ते गाठ शे!"

आता इथे गोष्ट संपायला हवी की नाही? संपली असती. पण त्या डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला एवढा घाम का?" म्हणाला, आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून फुसफुस हवा भरली. मग तोच चेहरा... गंभीर! "ब्लडप्रेशर फार वाढलंय. मीठ बंद. लोणचं, पापड बंद. आणि काळजी करायची नाही."

गाठ त्याला, आणि मीठ बंद माझं!

परतीच्या गाडीत त्यानं माझ्या गळ्यात हात टाकला आणि मी ओळखलं, आता काय ऐकावं लागणार. "व्हई जाई नं भो, बठ्ठं बेस व्हई!" आणि लगेच पुढच्या रविवारचं आमंत्रण, पुन्हा चाळीस माणसं, आनंदाचं भरीत. जाळ वना पेटवणार, मला काडेपेटीला हात लावायची बंदी. गेलो. न जाऊन सांगतो कोणाला? माझ्या पानावर बिनमिठाचं भरीत, फिक्कं, आणि शेजारी हा, गोळी घेऊन, मिटक्या मारत. मी म्हटलं, "शालिग्राम, आता तरी थोडा घाबर रे." तर म्हणतो कसा, "कसाले? तू शे नं! तू दोन्हीसना वाटानं घाबर, मी दोन्हीसना वाटानं जेवस." आणि माझ्या पानातला कांदा उचलून खाल्लासुद्धा. काय करता? घाबरतोय आपला, दोघांच्या वाटचं.