मेलेल्या माणसाला केलेला फोन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भिमाजीराव, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुण्या मंजुषाताई, ज्यांच्यासाठी आपण सगळे द्वारका चौकातल्या गर्दीत अर्धा अर्धा तास अडकूनही इथवर आलो ते सत्कारमूर्ती रंगनाथराव, त्यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांचं जेवण कधी वेळेवर झालं नाही त्या यशोदावहिनी, आणि सभागृहातल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो,

मी शेखर. दैनिकात मुद्रितशोधक. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. मी आज चार पानी भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच आहे आणि तिथंच राहणार आहे. कारण तासाभरापूर्वी, चहाच्या टेबलापाशी, मला एक गोष्ट कळली.

रंगनाथरावांचं काम आपल्याला ठाऊक आहे. निधनवार्ता. लोक फोनवर माहिती सांगणार, हे चिठ्ठीवर लिहून घेणार. पण त्यांचा एक हट्ट होता. चिठ्ठी लिहून झाली की मला फोन लावायचा आणि ती मोठ्यानं वाचून दाखवायची. मी ऐकायचं, 'बरोबर' म्हणायचं, मगच ती पानात जायची. मी किती वेळा वैतागलो! म्हटलं, अहो, कागद पाठवा ना सरळ. तर म्हणायचे, "शेखरराव, माणूस शेवटचा छापून येतोय. एकदा तरी कुणाच्या तरी कानावर त्याचं नाव पडू द्या."

एकवीस सालचा एप्रिल आठवतो का? कोण विसरेल म्हणा. निधनवार्तांचा अर्धा रकाना होता, त्याची चार पानं झाली. आणि मी स्वतः कोविड सेंटरमध्ये, खाटेवर. ऑक्सिजन ब्याऐंशी. तरी फोन कानाला! हसू नका. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. मला वाटायचं, पडल्यापडल्या काम दाखवलं तर नोकरी टिकेल. श्वास टिकेल की नाही याची फिकीर नव्हती. काय माणसं होतो आपण!

माझी खाट पंधरा नंबर. चौदावर देवळ्याकडचे भिकन नावाचे शेतकरी गृहस्थ होते. त्या सबंध रांगेत मोबाईल लावायला एकच सॉकेट चालू, तेही चौदाच्या उशाशी. माझा फोन सारखा मान टाकायचा. शेवटी भिकनभाऊच म्हणाले, "तुमी या इकडं. तुमचं लय काम असतं. मी झोपतो तुमच्या जागंवर, मला काय, पडूनच राहायचंय." दोघं धापा टाकत उठलो आणि खाटा बदलल्या.

आमची नावं भिंतीवर कागदांवर लिहून चिकटवलेली होती. ते कागद कुणी बदलले नाहीत. मुद्रितशोधक मी! वेलांटी चुकली तर रात्रभर तळमळणारा माणूस. पण माझ्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव आहे, हे मला वाचावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर पंधरा नंबर रिकामी. पीपीई पोशाखातल्या नर्स मुलीला विचारलं, तर 'शिफ्ट केलं' म्हणाली. मी मनाशी म्हटलं, चला, सुधारणा दिसतेय, खाली नेलं असेल. त्यानंतर मी चौकशी केली नाही. बरा होऊन घरी गेलो, नोकरी टिकली, पाच वर्षं झाली, तरी केली नाही.

त्याच दिवशी दुपारी रंगनाथरावांचा फोन आला. मी नेहमीसारखं म्हटलं, "हं, वाचा." पलीकडून काहीच नाही. मी पुन्हा, "अहो वाचा ना, पान जायची वेळ झाली." मग बारीक आवाजात हे विचारतात, "शेखरराव... चहा घेतला का?"

मी भडकलो! म्हटलं, लोक पटापट जातायत, पानं अडलीयत आणि तुम्ही चहा काय विचारताय? तर पुढचा प्रश्न, "तुमच्या शेजारी कोण होतं हो?" मी सांगितलं, देवळ्याकडचे भिकन म्हणून होते, आम्ही चार्जिंगसाठी खाटा बदलल्या, त्यांना शिफ्ट केलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे कितीतरी दिवस हा किस्सा मी ऑफिसात नकला करून सांगायचो. रंगनाथरावही हसायचे.

आज चहाच्या टेबलापाशी हे एका बाईंना घेऊन आले. तिसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसल्यात, त्या सगुणाबाई. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तुमीच का वो ते चार्जिंगवाले? आमच्या मालकाची खाट तुमाला दिली व्हती, ते पेपरवाले?"

मी आनंदानं म्हटलं, "हो हो! भिकनभाऊ कसे आहेत?"

त्या रंगनाथरावांकडं बघायला लागल्या. आणि रंगनाथराव माझा हात धरून म्हणाले, "शेखरराव, मी हर्षालीवहिनींना शब्द दिला होता. आता निवृत्त झालो, आता मला राहवत नाही."

मंडळी, त्या दिवशी पहाटे भिकनभाऊ गेले. माझ्या नावाच्या कागदाखाली गेले. सेंटरमधून फोन गेला तो माझ्या भावाला. हर्षालीनं, माझ्या बायकोनं, हंबरडा फोडला. भावानं रडत रडत रंगनाथरावांना माझी निधनवार्ता सांगितली, आणि यांनी ती लिहून घेतली. वय, शिक्षण, पश्चात पत्नी, एक मुलगी. लिहून झाल्यावर रोजच्या सवयीनं हात फोनकडं गेला, आणि नेहमीचा नंबर लागला. माझी बातमी मलाच वाचून दाखवायला!

मेलेल्या माणसाला फोन कोण करतं हो? घरचे करत नाहीत, भाऊ करत नाही. रंगनाथरावांनी केला, आणि मी म्हटलं, 'हं, वाचा.'

त्या क्षणी या माणसानं किंकाळी फोडली नाही. ब्याऐंशी ऑक्सिजनवाला माणूस धसक्यानं जाईल म्हणून चहाचं विचारलं! आधी माझ्या घरी कळवलं. तिथं हर्षालीनं शपथ घातली, 'यांना कधी सांगू नका.' मग यांनी शोधून शोधून भिकनभाऊंच्या घरचा नंबर मिळवला, आणि ती बातमी स्वतःच्या तोंडानं सगुणाबाईंना सांगितली. नाहीतर दुसऱ्याच नावानं त्यांचं सगळं उरकलं असतं. गेली पाच वर्षं हे दर एप्रिलमध्ये देवळ्याकडं जाऊन येतात. आम्हाला वाटायचं, पाहुण्यांकडं जातात.

इथवर सांगून मी खाली बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण सगुणाबाईंनी मला चहापाशी एक प्रश्न विचारला, आणि मी 'चहा गार होतोय' म्हणून पळालो. त्यांनी विचारलं, "शेवटाला काय बोलले का वो आमचे मालक? आदल्या दिवशी सांजच्यापासून फोन लावत व्हते मी. बंदच लागला."

सगुणाबाई, बंद लागला, कारण त्यांनी सॉकेटची जागा मला दिली होती. त्यांचाही फोन संपत आला होता. तो माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तुमचं झालं की माझा बी लावा. सात वाजता आमच्या मंडळीचा फोन येतो. बंद लागला तर ती जेवत नाय." मी म्हटलं, अर्ध्या तासात लावतो. आणि विसरलो. एका जाहिरातीचा मजकूर तपासत होतो, कसली ते आज आठवतही नाही. सकाळी पाहिलं तर त्यांचा फोन माझ्या उशाखालीच होता, बंद. तो त्या मुलीच्या हातात दिला आणि पुन्हा कामाला लागलो.

हेच ते माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. माझ्याजवळ ठेवायला दिले होते आणि मी पाच वर्षं पोचवले नाहीत. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी! आत्ता पोचवतोय. लाज वाटतेय, पण पोचवतोय.

रंगनाथराव, तुमचे आभार कसे मानू? तुमच्या त्या हट्टाला मी मूर्खपणा म्हणायचो. तो हट्ट नसता तर दुसऱ्या दिवशी मी छापून आलो असतो आणि भिकनभाऊंचं नाव कुणाच्याच कानावर पडलं नसतं. अध्यक्षांनी मला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही पुढंमागं झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. दुसरी जी चूक आहे तिची माफी सभागृहाकडं मागण्यासारखी नाही. ती ज्यांच्याकडं मागायची त्या तिसऱ्या रांगेत आहेत, आणि त्यांनी ती द्यावीच असं मी म्हणणार नाही.

फक्त एक विनंती आहे. सात वाजून गेलेत. मागच्या हॉलमध्ये पानं मांडलीयत. सगुणाबाई, तुम्ही आधी जेवायला बसा. तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय मी पानावर बसणार नाही.

नमस्कार.