काठीच्या हातात झेंडी

आमी मूळचे अमळनेरकडचे. बाप सुरतेले आला तो पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधी, त्याचे हात सदा रंगलेले, एक दिवस निळे तं एक दिवस गुलाबी, भाकर कालवायचा ती बी त्याच हातानं, आमाले वाटायचं सगळ्यांच्याच बापाचे हात असे असतात. मी पोलिसात लागलो तं माय आमच्या डिंडोली वस्तीत घरोघर गूळ वाटत हिंडली. हवालदार होऊन रिटायर झालो. देवानं काय कमी केलं मले, सांगा.

फुटबॉलचं वेड पोलीस लाइनीतलं. रिटायर झालो नि कामगारांची स्पर्धा काढायचं ठरवलं, चिटणीस मीच, शिपाई बी मीच, गोलच्या जाळ्या आमची ही शिवायची नि शिवता शिवता मले बोल लावायची. आता खेळणारे अर्धे ओडिया, कापड विणायच्या लूमवरचे, नि ते ऐकायचे त्यांच्यातल्या एकट्या पूर्णभाईचं. तो नाही म्हणला तं स्पर्धाच नाही, म्हणून मी त्याच्या खोलीवर गेलो.

त्यानं पाणी दिलं नि माझ्या हाताकडं पाहत राहिला. मंग म्हणे, साब, हाथ तो वही है. काय सांगू तुमाले, तवा मले बी ओळख पटली. लय वर्षं झाली, एका मिलच्या फाटकावर गर्दी हटवताना मी काठी चालवली होती, ती याच पूर्णभाईच्या खांद्यावर बसली, तो बिचारा गर्दीतला नव्हताच, डबा घेऊन पाळीवर चालला होता, त्याचा भात रस्त्यावर सांडलेला मले अजून दिसते. उजवा खांदा तेव्हापासून वर जात नाही त्याचा. हुकूम होता, असं म्हणायले मी तोंड उघडलं, पन निघालं ते, चुकलो भाऊ. एवढ्या नोकरीत हे मी कोणाले म्हणलो नव्हतो.

तो माफ केलं बी म्हणला नाही. आमी येतो म्हणे, पन तू मैदानात यायचं नाही, हुकूम सोडायचे नाही, रेषेवर झेंडी घेऊन उभं राहायचं, पाहू तुझा हात कसा उठते.

फायनलले आमची डिंडोली नि त्याची टीम. खेळ संपत आला नि माझ्या सख्ख्या पुतण्यानं बरोबरीचा गोल मारला, सगळी डिंडोली नाचाले लागली. पन तो ऑफसाइड होता, नि पाहिलं होतं ते मी एकट्यानं. मी झेंडी उचलली. आपलेच लोक काय काय बोलले मले, वहिनी तं महिनाभर घरी आली नाही. हरलो आमी.

पुढल्या रजेच्या दिवशी पूर्णभाई मैदानावर आला, हातात डबा. उघडला तं भात. म्हणे, बैठो.

आता सहा वर्षं झाली. कुठल्या गल्लीत दोन भाषेवाल्यांचं भांडण लागलं का मले बोलावतात, पोरं राजदूत म्हणून चिडवतात, मी पूर्णभाईले संगं घेऊन जातो, दोघं गेलो का निम्मं भांडण तिथंच मिटते. थंडी पडली का त्याचा खांदा ठणकते. तरी तो डबा पुढं सरकवते, मी खातो. देव त्याले लय आयुष्य देवो.