वहिनींची चटई

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिची भावजय बाकासमोर येरझाऱ्या घालत होती.

"वहिनी, बसा हो. दादा सुखरूप बाहेर येईल."

"बसवत नाही गं. एवढा वेळ का लागतोय?"

"योगाला जाता ना? जरा लांब श्वास घ्या."

"सुचतोय का श्वास!"

"मी गाडीतून उतरून थेट इथेच आले. घरी आईपाशी कोण आहे? तिला तर उठताही येत नाही."

"आमचा अख्खा योगवर्ग आहे."

"म्हणजे?"

"आज वर्ग हॉलऐवजी आमच्या घरी भरलाय. कुणाच्या घरी अडचण असली की आम्ही चटया घेऊन तिथेच जातो. संध्याकाळपर्यंत आळीपाळीने थांबतील."

"अहो, पण आईला ती सगळी थेरं वाटतात!"

"आताच फोन आला होता. पलंगावरून ओरडतायत म्हणे, गुडघे वाकवू नका म्हणून."

"आई?"

"माझीही चटई अंथरलीय, त्यांच्या पलंगाला लागून. कुणीतरी तिच्यावर बसायला गेलं, तर म्हणाल्या, तिथे नाही, ती माझ्या सुनेची जागा आहे."

"माझ्यासाठी नाही हो कधी तिने जागा धरली."

"सरक जरा, बसते. त्या दाराकडे तू लक्ष ठेव."