जाकीट वाईट नव्हतं

...अन् मंग मले सांगा, जाकीट श्वास घेते म्हंजे काय? नाही, तुमी हसून नका राहू, पुण्याहून पोरानं फोनवर मले हेच सांगतलं, "बाबा, साधा रेनकोट घेऊ नका, पाणी आत येऊ देत नाही आणि घाम बाहेर सोडतं असं जॅकेट मिळतं, श्वास घेणारं." म्या म्हनलं, बाप्पा, तुही माय गेली तव्हापासून या घरात श्वास घेनारा मी एकटाच, आता खुंटीवरचं जाकीट बी घेईन तर चांगलंच हाय, तेवढीच सोबत. पन साकेत काही हसला नाही. त्याची मीटिंग होती.

आता जाकीट कायले, हे तुमाले सांगाच लागते. मी नीळकंठ, पांढरकवड्याच्या कोर्टात बाबू होतो. नोकरीत होतो तव्हा दारातून आत पाय ठेवाच्या आंधीच लोकं मांगं, "बाबूजी, आमची तारीख कव्हाची? बाबूजी, आमचा नंबर आज लागते का?" इतका वैताग ये, का घरी येऊन मी शीलाले म्हनो, दोन घंटे कोनी बोलू नका माह्यासंग. रिटायर झालो, शीला गेली, अन् आता कोनी बोलतच नाही. शुगर वाढली. डॉक्टर म्हने सायकल चालवा. पोरानं पुण्याहून सायकल पाठवली, रेसची... टायर बोटाएवढं, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. घंटी नाही म्हंजे मानूस रस्त्यानं कोनाले हटकू बी शकत नाही. अन् मडगार्ड नाही म्हून पावसात निंगालो का मांगच्या चाकाचा चिखल कमरेपासून मानेपर्यंत असा सरळ पट्टा मारते, का पानठेल्यावरचे लोकं म्हनतेत, "काय बाबूजी, पाठीवर डवरणी-कोळपणी करून राह्यले का?"

दोनदा भिजलो, खोकला झाला. फोनवर खोकला ऐकू गेला, अन् पोरगा म्हने, "बाबा, जॅकेट घ्या. नीट बघून घ्या."

झालं. गेलतो बापूजीच्या दुकानात. बापूजी आमच्या बजारातला जुना मानूस, छत्र्या, ताडपत्र्या, रेनकोट सारं त्याच्यापाशी. म्या म्हनलं, बापूजी, सायकलवर घालाचं जाकीट पाह्यजे, सुती असन तर दाखवा. तो मह्याकडे असा पाह्यला का जसं म्या मेडिकलमंदी जाऊन भजे मांगतले. म्हने, "बाबूजी, सुती पाह्यजे तं चादर घिऊन जा." आता पाहा तुमी, सारा मुलूख कापसाचा, ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस, भाव पडला त कापूस, अळी पडली त कापूस, अन् अंगावर घालाले जाकीट पाह्याले गेलं त प्लास्टिक! तेच आनलं मंग. निळं होतं, टोपीवालं. जाकीट वाईट नव्हतं, सांगतो तुमाले... पन उतारावर हवा भरली का असं फुगे का मी सायकलवर हाओ का सायकल मह्याखाली लटकली हाय हेच समजे ना. अन् आतून एवढा घाम, का बाहेरून थेंब नाही आला तरी मी घरी येऊन बनियन पिळली.

हे सारं पोराले सांगतलं. अन् इथंच, तुमाले सांगतो, गंमत झाली.

आंधी साकेतचा फोन ये रविवारचा. "बाबा, जेवलात का? गोळी घेतली का? बरं, ठेवतो." म्या 'हो' म्हनाच्या आत तो 'ठेवतो' म्हने. पन त्या दिवशी बनियन पिळल्याचं सांगतलं त पोरगा हसला. खो खो हसला. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन! म्हने, "बाबा, मी बघतोय ऑनलाइन, तुमच्या हाताची लांबी मोजा बरं." म्या हात मोजला. तिसऱ्या दिवशी छाती मोजली. मंग सून आली फोनवर, गुंजन, आंधी कव्हा दिवाळीशिवाय बोलली नाही, ते म्हने, "बाबा, काळं नको हं, ट्रकवाल्यांना लांबून दिसलं पाहिजे. आईंना कुठला रंग आवडायचा?" आता मले सांगा, एवढी वर्षं संग राह्यलो, अन् मले चटकन आठवे ना. मंग आठवलं, मोरपंखी. लग्नात तिनं तेच लुगडं घ्याले लावलं होतं. हे म्या गुंजनले सांगतलं, त ते म्हने, "मग? आणखी सांगा ना." अन् मी सांगत बसलो. भाजी लागली गॅसवर, तरी सांगत बसलो.

त मोरपंखी आलं. जाकीट वाईट नव्हतं, सांगतो तुमाले... पन हँडलवर वाकलो का बाही मनगटाच्या वर चढे. वापस. मंग पिवळं आलं, त्याचं मांगचं शेपूट आखूड, चिखल सरळ पँटीवर. वापस. मंग हिरवं आलं, त्याची चेन गळ्यापाशी हनुवटीले टोचे. आता टोचे म्हंजे काही रगत नाही निंघे, पन टोचे. वापस!

पार्सल आननारा इंद्रजित. दोन लेकरांचा बाप, भला मानूस. पहिल्या बारीले दारातूनच सही घिऊन गेला. दुसऱ्या बारीले चहा घेतला. तिसऱ्या बारीले तो आला अन् गाडी लावून सरळ आत येऊन बसला, म्हने, "काका, साखर कमी टाकजा." हिरवं जाकीट वापस नेता नेता त्यानं सोताच घालून पाह्यलं, मही सायकल काढली, आंगनात दोन चकरा मारल्या, अन् म्हने, "काका, मले त बरोबर वाटून राह्यलं. टोचत बी नाही." म्या म्हनलं, अबे, तुही हनुवटी वेगळी. चहा घेतला अन् जाकीट घिऊन गेला. मले वाटते, त्याले समजलं होतं काहीतरी. पार्सलवाल्याइले सारं समजते, रोज इतक्या दारात उभे राहतेत.

मंग आलं नारंगी. साकेत म्हने, "बाबा, आता ह्याच्यापेक्षा चांगलं भारतात नाही. ह्यात खोट काढून दाखवा." म्या म्हनलं, पाहू. घातलं. बाही बरोबर. शेपूट लांब. चेन गळ्यापाशी कापडानं झाकलेली. जिवाले धक्काच बसला मह्या. म्हनलं, रस्त्यावर पाहू, पावसात पाहू, काही ना काही असनच.

निंगालो करंजीच्या रस्त्यानं. असा पाऊस, का पुढचं चाक दिसे ना. एका फाट्यावर टिनाचं शेड हाय, तिथं थांबलो. शेडात गावचे चारसहा लोकं बसून होते. मी सायकल टेकवली अन् टोपी मांगं घेतली, त एक बुढी बाई उठली, तुळसाबाई नाव तिचं, अन् म्हने, "आले व माय, पथकवाले साहेब आले."

आता तुमाले ठाऊक हाय, कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी या भागात नुकसान पाहनारे सरकारी पथकं किती फिरले. दिल्लीचे फिरले, मुंबईचे फिरले, गाडीतून उतरे अन् सारे असेच टोपीवाले जाकीटं घालून. गावच्या मानसाले काय, नारंगी जाकीट दिसलं का पथक. सायकलवर काहून आलं, हे बी कोनी विचारलं नाही, उलट शंकरसिंग म्हनून एक जन होता तो म्हने, "पाहा, हा साहेब खरा, गाडी सोडून आला." म्या तोंड उघडलं, सांगनारच होतो का मी काही पथक नोहो... पन तोपर्यंत बाजूच्या चहावाल्याची खुर्ची आली होती. तुळसाबाईनं पदरानं पुसली. आता मले सांगा, मह्यासाठी खुर्ची पुसलेली कव्हाची गोष्ट हाय? मी बसलो.

शंकरसिंगनं कपाशीचं फूल आनून हातात देल्लं. असं मिटलेलं, उमलतच नाही. म्हने, "साहेब, फोडून पाहा." फोडलं, त आत अळी, बारीक, गुलाबी. "ह्या वर्षी बी आली साहेब. बाहेरून फूल कसं चांगलं दिसते." म्या म्हनलं, हाव. मंग दुसरा बोलला, मंग तिसरा, मंग तुळसाबाई सरकून जवळ बसली अन् अळीवरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून सुनेवर, सुनेवरून पोरीवर, जे केळापुरात देल्ली अन् सनालेच येते. मी 'हाव', 'मंग?' म्हनत राह्यलो. कोर्टात आयुष्य गेलं, पन एवढं म्या कोनाचंच ऐकलं नव्हतं. बरं वाटून राह्यलं होतं, सांगतो तुमाले, लय बरं वाटून राह्यलं होतं.

मंग शंकरसिंग म्हने, "साहेब, लिहून नाही घेत?"

आता काय सांगाचं? सांगतलं. म्हनलं, मी पथक नोहो, मी कोर्टातला रिटायर बाबू हाओ, जाकीट पाह्याले निंगालो होतो. शंकरसिंगनं मह्या हातातलं फूल वापस घेतलं.

तुळसाबाई म्हने, "मंग एवढ्या वेळ कायले बसले?"

म्या म्हनलं, पाऊस होता न बाई.

ते म्हने, "पाऊस कव्हाचाच थांबला बाबूजी."

पाह्यलं त खरंच, बाहेर लख्ख ऊन. रस्ता वाळाले लागला होता. मी उठलो त ते म्हने, "बसा. पथकवाले उभ्याउभ्या येतेत अन् जातेत. तुमी बसले तरी. चहा घिऊन जा." अन् राह्यलेलं सुनेचं सांगतलं तिनं. मी पथक नोहो हे समजल्यावर जास्तच मोकळं सांगतलं.

घरी आलो, जाकीट काढलं. आत कोरडं. बनियन कोरडी. मांगं चिखल नाही, खोकला नाही. संध्याकाळी बरोबर फोन आला.

"बाबा, पाणी?"

म्हनलं, थेंब नाही.

"बाही?"

पुरली.

"टोचतं?"

आता लबाड बोलाचं त काय बोलाचं... म्हनलं, नाही रे, नाही टोचत.

"वा! म्हणजे फायनल. सुटलो एकदाचे. चला बाबा, ठेवतो."

अन् ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन नाही. म्हनलं, काम असन. तिसऱ्या दिवशी नाही. इंद्रजित दोनदा दारावरून गेला, हात केला, थांबला नाही, आता मह्या दारी त्याचं काय काम? जाकीट खुंटीवर. श्वास घेते म्हने... तुमाले खोटं नाही सांगत, एका दुपारी जवळ जाऊन कान लावला. नाही घेत. एकटं वाटते हो, काय सांगू. एवढ्या चांगल्या जाकिटाचं मानसानं करावं काय? बोलाले जागाच नाही ठेवली त्यानं.

काल पाऊस आला. घातलं, निंगालो, भिजून आलो, अन् पहिल्यांदा मीच फोन लावला.

"काय झालं बाबा? जॅकेट गळतंय?"

म्हनलं, जाकीट वाईट नाही रे, सांगतो तुले... पन पँट पुरी भिजते.

तिकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मंग म्हने, "बरोबर आहे. पँट बघायला लागेल. मी लिंक पाठवतो."

म्हनलं, पाठवू नको, मले चष्मा सापडून नाही राह्यला. तूच वाचून दाखव. सावकाश वाच.

अन् वाचलं हो त्यानं, अर्धा घंटा वाचलं.

चष्मा? नाकावरच होता. अन् पँटीनंतर बुटं हायेत, मंग हातमोजे हायेत... पावसाळा लय बाकी हाय अजून, अन् मानसाले भिजाले जागा काही कमी नाहीत.