साक्षीचे इंग्रजी

(न्यायालयाचा व्हरांडा. जेवणाची सुट्टी संपत आली आहे. मराठी न जाणणाऱ्या न्यायाधीश साहेबांना सकाळी स्वतःच इंग्रजीत करून सांगितलेली साक्ष दुभाषी शरच्चंद्र आता साक्षीदार बकुळाबाईंना मराठीत वाचून दाखवीत आहेत. तीवर बाईंची सही व्हायची आहे.)

शरच्चंद्र: "...आरडाओरड ऐकून मी दाराबाहेर आले. जयवंतने तुळशीदासला जिन्यावरून ढकलले, हे मी स्वतः पाहिले."

बकुळा: ह्या शेवटचा माझा न्हय.

शरच्चंद्र: बकुळाबाई, साहेबांनी तुम्हांला सरळ विचारलं, "जयवंतनेच ढकललं ना?" त्यावर तुम्ही काय म्हणालात?

बकुळा: म्हटलंय, तुमी म्हणतास तर तसाच आसात.

शरच्चंद्र: मग झालं तर. इंग्रजीत साहेबांचा प्रश्न उतरत नाही, केवळ साक्षीदाराचं निवेदन उतरतं. त्याला काही आकार द्यावा लागतो.

बकुळा: मी भायर इलंय तेव्हा तुळशीदास खाली पडललो. जयवंत वर उभो. मधला माका दिसूकच नाय. सकाळी ताच सांगितलंय. तरी सायब परत परत विचारीत रवले.

शरच्चंद्र: मग "नाही" असं स्वच्छ म्हणायचं होतं.

बकुळा: एवढ्या मोठ्या माणसाक, भरल्या कोर्टात, तोंडार नाय म्हणू? तुमची आवस म्हणाली असती?

शरच्चंद्र: आईचा इथे काय संबंध?

बकुळा: तुमी भोयवाड्याच्या चाळीतले, मूळ आमच्याच बाजूचे. म्हणान तर धीर होतो माका. वाटला, सायबाक नाय समाजला तरी ह्यांका समाजतला.

शरच्चंद्र: ...बहिणीला सांगून आलेलं एक स्थळ आईनं असंच परतवलं होतं. वरपित्याला म्हणाली, "तुम्ही म्हणता तर तसंच." त्यांनी घरी जाऊन पेढे वाटले.

बकुळा: आणि लगीन?

शरच्चंद्र: कुठलं लग्न? चाळीत सगळ्यांना कळलं होतं, त्या गृहस्थांखेरीज.

बकुळा: म्हणजे सकाळी तुमका समाजलेला.

शरच्चंद्र: समजलं होतं. पण वाक्य डौलदार जुळून आलं. तुमची आधीची उत्तरं त्याच्याशी विसंगत वाटली, म्हणून शेवटी सगळं एकत्र सांगताना गाळली.

बकुळा: त्या वाक्यान जयवंत जन्माचो आत जायत.

शरच्चंद्र: ठाऊक आहे. आणि आता हे साहेबांपुढे कबूल केलं, तर वकीलमंडळी माझी आजवरची सगळी भाषांतरं उकरून काढतील. त्यांचं काही चुकणारही नाही.

बकुळा: मग ऱ्हवांदे. तुमच्या पोटार कित्याक पाय? पेन देवा हय, करतंय सही.

शरच्चंद्र: मनापासून म्हणता?

बकुळा: तुमी शिकलेले. तुमका बरा वाटता, ताच करूया.

शरच्चंद्र: ...चला आत. साहेब आले.

न्यायाधीश: (इंग्रजीत) दुभाषी, साक्ष वाचून दाखवलीत? सही करायला तयार आहेत बाई?

शरच्चंद्र: तयार आहेत, साहेब. पण साक्षीतलं शेवटचं वाक्य माझं आहे; त्यांच्या हाती पेन देऊ नये, अशी माझी विनंती आहे.