कांचनदेशातली घोडी

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. तुम्ही हसाल, पण मेहबूबचाचांबरोबर सिनेमाला बसणं म्हणजे शिक्षाच होती. चाचा घोडेगावच्या बाजारातले घोड्यांचे व्यापारी. त्यांची लाडकी घोडी चोरीला गेली, तेव्हापासून ते एका जागी टिकत नव्हते. त्यात गावात तंबूचा सिनेमा आला. गोष्ट कुठल्याशा कांचनदेशाची. राजकन्या घोडीवर बसून पळाली आणि चाचा ताडकन उभे राहिले.

"माझी चांदनी! कपाळावरचे दोन भोवरे बघ! डावा कान चिरल्याला बघ!"

मागून लोक ओरडले, "खाली बसा!" चाचा कुठले बसतात? मला ओढतच ते बाहेर तंबूच्या मालकाकडे गेले.

"कांचनदेशाला गाडी कुठनं मिळती?"

मालक हसला. "चाचा, तसा देशच नाही. सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं."

"आन् राजा?"

"तोही खोटा."

"घोडी?"

मालकाचं हसू थांबलं. "घोडी... खरीच असणार."

आतून टापा ऐकू येत होत्या. चाचांनी माझा हात घट्ट धरला.

"देशच न्हाई म्हनतो हा. मग तिला चारा कोन घालत आसंल रं?"