प्लास्टिकला थिनर चालत नाही

नको नको, ताई, ती पेटी आधी खाली ठेवा आणि हात पुढे करा — अहो, तळहात वर — हां, हा शिपाई घ्या. कसा लागला? जड ना? हा धातूचा. आता दुसऱ्या हातात हा प्लास्टिकचा. आहे का काही हातात? असून नसल्यासारखा! पंख्याचा वारा लागला की टेबलावर आडवा. आता बघा, एवढं टेबल मांडायचं, डोंगर-नदी मांडायची, टेपने अंतर मोजत सैन्य पुढे न्यायचं, फासे टाकायचे, आणि कुणी शिंकलं की अख्खी पलटण गारद? काय चेष्टा आहे का? तीस वर्षं मी हे चिमुकले शिपाई विकतोय आणि नव्याने खेळायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो, पहिलं सैन्य धातूचं घ्या. महाग पडतं, मान्य. पण एकदा हातात धरलं की सोडवत नाही.

हो हो, ऐकलं, प्लास्टिकच हवंय. बरं, मग त्याच्याही बाजूने बोलतो, मी काही दुष्ट नाही. प्लास्टिकचे हातपाय सुटे येतात, चौकटीतून कापायचे आणि हवे तसे जोडायचे — एक पळणारा, एक ओरडणारा, एक नुसताच उभा. चिकटतंही पक्कं. धातूचा भाला वाकतो, घोड्याच्या पायात बारीक भोक पाडून तार घालावी लागते, नाहीतर ऐन खेळात स्वार एकीकडे नि घोडा एकीकडे. आणि खाली पडला की रंगाचा टवका उडालाच. प्लास्टिकचा पडला तर उचलायचा, पुसायचा, पुढे चालू. सगळं खरं. फक्त एक लक्षात ठेवा, लिहून देऊ का? रंग चुकला तर प्लास्टिकला थिनर चालत नाही. धातूचा शिपाई थिनरमध्ये बुडवा, थोड्या वेळाने ब्रशने घासा, नवा कोरा. प्लास्टिकचा बुडवलात तर — तर काही नाही. एक गिऱ्हाईक होतं, त्याने केलं असं. चांगला जाणता माणूस, पण केलं.

बसा ना, उभ्या कशाला? त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते, इकडे बसा. मंगळवारी तसंही कुणी येत नाही. बुधवारीही येत नाही म्हणा. हल्ली सगळे फोनवरून मागवतात, माझ्याशी डोकेफोड करायला कोण येणार? तुम्ही आलात, बरं वाटलं. काय सांगत होतो? हां, ते गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कसलं, मीच तो. खोटं कशाला बोलू?

माझा धाकटा भाऊ. दर रविवारी मागच्या खोलीत आमचं युद्ध, पोरवयापासूनचं. मी काही लग्न-बिग्न केलं नाही, त्याने केलं, तेव्हा मला वाटलं, झालं, सुटला हा हातातून. तर त्याची बायकोच यायला लागली त्याच्याबरोबर! महिनाभर कोपऱ्यात बसून नुसती बघायची, आणि मग एक दिवस प्लास्टिकची पेटी उचलून म्हणाली, भाऊजी, मला हे पाहिजे. चौऱ्याऐंशी शिपाई रंगवले तिने. रंगवले म्हणजे काय, फासले. बूट हिरवे, घोडे जांभळे. मी म्हटलं, अगं, जांभळा घोडा बघितलास का कुठे? तर म्हणते, युद्धाला घाबरून झालाय तसा. मग मी वजनावरून पिडायला लागलो — तिची पाळी आली की हळूच फुंकर मारायची, पहिली रांग भुईसपाट! पुढच्या रविवारी फुंकलं, तर एक हलेल तर शपथ. प्रत्येकाच्या पायाखाली लोखंडी वायसर चिकटवून आणला होता तिने, नट-बोल्टला असतो ना, तो. चौऱ्याऐंशी वायसर! हसून हसून पुरेवाट झाली तिघांची.

ती गेली त्याला चार वर्षं होऊन गेली. नाही, अचानक नाही — जाऊ दे ते. त्यानंतर धाकटा यायचा रविवारी, पण स्वतःचं सैन्य काढायचाच नाही, तिचंच मांडायचा. माझे स्वार बघा, डोळ्यांतल्या बुबुळांसकट रंगवलेले, आणि समोर ते जांभळे घोडे. खेळायचाही तिच्यासारखाच. ती डावीकडचे शिपाई काही कारण नसताना पुढे ढकलायची, हाही ढकलायचा. हरायचा, आणि हसायचा. माझ्याकडे बघून नाही हो, स्वतःशीच. मी समोर बसलेलो असायचो, ताई, आणि खेळ त्या दोघांचा चालायचा. तीन वर्षं मी तसाच बसलो.

मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि सैन्य राहिलं माझ्याकडे. मला वाटलं — काय वाटलं? सगळ्यांना मी सांगतो, नवं कोरं रंगवून ठेवावं, घरी आला की खूश होईल, असं वाटलं. तेही वाटलं असेल थोडंसं. पण खरं सांगू? मला ते रंग घालवायचे होते. रंग गेले की पुन्हा आम्ही दोघंच, पहिल्यासारखे. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, तुमच्याजवळ का बोलतोय कोण जाणे. डबा घेतला, थिनर ओतलं, एकेक उचलला आणि सोडला. प्लास्टिक आहे हे ठाऊक नव्हतं का? होतं की! मी नाक मुरडायचो तेच नाही का ते? पण हाताला सवय तीस वर्षांची, जड लागलं की धातू. डोकं चालवलंच नाही, हात चालत राहिला. त्या वायसरांनी घात केला — नाही, वायसरांनी कसला, मी केला. तेवढ्यात दुकानात कुणी आलं, बोलत बसलो, हे असंच, तुमच्याशी बोलतोय तसं. दीड तासाने झाकण काढलं तर वर राखाडी-जांभळा चिखल, आणि ढवळलं तर तळाशी वायसर.

काठी टेकत आला तो. मी डबाच पुढे ठेवला, लपवणार कुठे? शिवी तरी द्यायची! टेबलावरचा काठीचा तडाखा चालला असता मला. वायसर पुसून पुसून रुमालात बांधले आणि गेला. चौदा महिने झाले. फोन उचलत नाही. एकदा दारापर्यंत गेलो, बेल वाजवली, आतला टीव्ही बंद झाला, दार नाही उघडलं. पंधरा मिनिटं उभा होतो मी.

थांबा, हा खण उघडतो. बघा. मोजू नका, चौऱ्याऐंशीच आहेत. तीच पेटी शोधून शोधून मागवली आणि आठवून आठवून रंगवले सगळे. वाईट रंगवणं सोपं वाटतं का तुम्हाला? शेवटी डाव्या हातात ब्रश धरला, तरी मेली रेघ सरळच येते! जांभळा तीनदा कालवला, तो तिचा येतच नाही. पण आता बऱ्यापैकी जमलंय, हो की नाही? त्याने एकदा समोर येऊन बसावं, बास. जिंकू दे, हरू दे, तिच्यासारखा खेळू दे, मी काही म्हणणार नाही.

बरं, माझं पुराण पुरे, तुमचं बोला. खेळणार कुणाशी? ते कळलं म्हणजे सैन्य कुठलं घ्यावं ते सांगता येईल. शेजारी? तुमच्याच इमारतीत, तळमजल्यावर? एकटेच राहतात — काठी — कुठला गुडघा? उजवा.

अच्छा.

त्यांनी शिकवलं तुम्हाला? आणि इथेच पाठवलं, याच दुकानात? बाजारात आणखी दोन आहेत की. मग काय म्हणाला? म्हणजे, काय म्हणाले ते? जसंच्या तसं सांगा. “तिथे धातूचंच गळ्यात मारतील, तू प्लास्टिकच घे.” हा हा! असाच बोलतो तो, अगदी असाच! म्हणजे आठवण काढली की माझी, काढलीच ना? मग, दादा म्हणाला का? दादा गळ्यात मारेल, असं? नीट आठवून सांगा, ताई, घाई नाही. माझा भाऊ आहे तिथे, असं म्हणाला? काहीतरी म्हणालाच असेल ना मला.

दुकानदार.

“तो दुकानदार.” हं.

बरोबर आहे. दुकानदारच आहे मी. द्या इकडे ती पेटी, पिशवीत घालून देतो. चांगली आहे, नव्या माणसाला प्लास्टिकच बरं. रविवारी खेळता का? किती वाजता? चार. नाही, काही नाही, सहज विचारलं. — हे? हे नको, खणातले राहू दे. नाही, तुमच्या हाती नको, ताई, नको म्हणतोय ना मी! दुकानदार असलं काही पाठवत नसतो. या तुम्ही. दार नुसतं ओढून घ्या.